अण्णा, नळी आणि अनैच्छिक स्नायू

दरवर्षी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी स्नायू शिकवते. हातापायांच्या स्नायूंवर मुलं खूश असतात, कारण निम्म्या जणांनी नुकतीच जिम लावलेली असते. हृदय तर सगळ्यांचंच लाडकं. उरतो तो तिसरा प्रकार. हिंदीत त्याला चिकनी पेशी म्हणतात, मराठी शाळेच्या पुस्तकात अनैच्छिक स्नायू. त्याचा तास सुरू झाला की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात, आणि परीक्षेत दोन ओळी खरडून मुलं मोकळी होतात.

मला मात्र हाच स्नायू पहिल्यापासून आवडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हातापायांच्या स्नायूंत असतात तसे आडवे पट्टे याच्यात दिसत नाहीत. पेशी मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, सूत भरलेल्या टकळीसारख्या. एकीच्या फुगवट्याशी दुसरीचं टोक, अशा दाटीवाटीनं बसलेल्या. आतड्यांत, रक्तवाहिन्यांत, गर्भाशयात, डोळ्याच्या बाहुलीभोवती, अंगावर काटा उभा करणाऱ्या केसांच्या मुळाशी, सगळीकडे हा आहे. तो सावकाश आकसतो, आणि एकदा आकसला की फारशी शक्ती न खर्चता तसाच बराच वेळ राहू शकतो. दाराला कडी घातली की ते धरून उभं राहावं लागत नाही, तसं. आणि मुख्य म्हणजे तो कोणाचं ऐकत नाही. हाताला सांगा वर हो, तो होतो. आतड्याला सांगून बघा. माझाही स्वभाव फारसा ऐकून घेण्यातला नाही, म्हणून असेल, पण मला त्याचं कौतुक वाटत आलं आहे.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते. आमचं घर गंगेकाठी, दूधविनायकाच्या गल्लीत, काही पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण असलं की दोन्ही. अण्णा पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं, तर्पणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. ते इथे सांगायचं कारण एवढंच, की घरात आम्ही दोघंच असतो.

गेल्या पितृपक्षात अण्णा अमृतराव घाटावर घसरून पडले. पूर नुकताच ओसरला होता आणि खालच्या पायऱ्यांवर गाळ तसाच होता. तिथून जायचं नाही हे ते येणाऱ्या प्रत्येक यजमानाला बजावत होते, आणि बजावता बजावता स्वतः गेले. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून आणलं. खुबा मोडलेला होता. त्या खुर्चीत बसूनही ते मागे वळून यजमानांना सांगत होते, "तर्पण अर्धवट सोडू नका. कोणाकडून तरी पूर्ण करून घ्या."

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी हाड बसवलं, आणि माझ्या मते सगळं संपलं. अवघड भाग त्यानंतर सुरू झाला.

पाठीच्या कण्यात भूल दिली की कमरेखालचं सगळं काही काळ सुन्न होतं. मूत्राशयही. मूत्राशय म्हणजे याच अनैच्छिक स्नायूची पिशवी. ती भरत असताना भिंत सैल होत जाते, आतला दाब वाढू देत नाही, म्हणूनच माणूस तास तास बैठकीत बसू शकतो. पुरेशी भरली की खबर मेंदूकडे जाते. मेंदू वेळ पाहतो, जागा पाहतो, आणि ठीक आहे असं वाटलं तरच खाली निरोप धाडतो. मग भिंत आकसते, तोंड सैल पडतं, आणि काम होतं. आपल्या हातात असतं ते फक्त बाहेरचं एक कडं. ते आपण सोडू शकतो. बाकीच्याला हुकूम देता येत नाही, परवानगी तेवढी देता येते. अण्णांच्या बाबतीत भूल उतरायच्या आधीच पिशवी नको इतकी भरली, कोणाच्या लक्षात येईपर्यंत फार ताणली गेली, आणि जुन्या पायजम्यातल्या इलॅस्टिकसारखी सैलावली. त्यात वय झालेलं, प्रोस्टेटची ग्रंथी थोडी वाढलेली. नळी घालावी लागली. नळीच्या टोकाला पिशवी, पिशवी पलंगाच्या दांडीला.

मूत्रविकारांचा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यांपैकी. आता देखणी दाढी, मागे दोन शिकाऊ डॉक्टर, आणि बोलण्यात कमालीचा धीर. त्यानं मला अनैच्छिक स्नायू समजावून सांगितला. कुठल्याही पेशंटच्या नातेवाईकाला सांगतात तसा, हातवारे करून. मीही मान डोलावली.

"मैम, कुछ दिन आराम देते हैं ब्लैडर को," तो म्हणाला. "फिर नली निकालकर देखेंगे. शाम तक अपने आप हो गया तो ठीक, नहीं तो फिर डालनी पड़ेगी."

पहिल्यांदा नळी काढली त्या दिवशी मी कॉलेजला रजा टाकली. सकाळपासून अण्णांच्या पलंगाशी उभी. वॉर्डातला माणूस मदतीला आला, त्याला मी परत पाठवलं. माझ्या वडिलांचं मी करीन. लाज वाटायचं वयही माझं नव्हतं आणि धंदाही नव्हता. मूत्राशय हा माझा विषय आहे. न्हाणीघरातला नळ सोडून ठेवला, कारण पाण्याचा आवाज ऐकून पुष्कळांना होते. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. लघवीचं भांडं मीच धरलं.

"जोर करू नका अण्णा. जोर केला की पोटाचे स्नायू आवळतात, ते वेगळे. सैल सोडा नुसतं."

अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"होतंय का?"

"नाही."

"आता?"

"अगं नाही ना. आणि तो नळ बंद कर. खामखा पाणी वाया चाललंय."

संध्याकाळपर्यंत पोट फुगलं, कपाळावर घाम आला. नळी परत घातली तेव्हा पिशवी भराभर भरत गेली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. सुटल्यामुळे मिटले की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेच्या आधी गोळ्या सुरू झाल्या. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्येही हाच स्नायू असतो. तो सैल पडावा म्हणून गोळी. या वेळी मी अधिक तयारीनं गेले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मूत्राशयाची आकृती काढून अण्णांना दाखवली. कुठली नस कुठून येते, कोण आवळतं, कोण सोडतं. अण्णांनी प्रवचनाला बसावं तसं मन लावून ऐकलं, दोन चांगले प्रश्नही विचारले. माझ्या वर्गात असे विद्यार्थी मिळत नाहीत. मग मी भांडं धरून उभी राहिले, आणि संध्याकाळी परत नळी घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या त्या डॉक्टर विद्यार्थ्यानं मला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं. आणखी एकदा प्रयत्न करू म्हणाला. नाही जमलं तर नळीसकटच घरी. महिन्याच्या महिन्याला बदलायची. प्रोस्टेटचं ऑपरेशन करता येईल, पण अण्णांचं कमजोर हृदय पाहता इतक्यात पुन्हा भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. "बहुत लोग नली के साथ रहते हैं, मैम. आदत हो जाती है." तो खरंच बोलत होता. मीही इतर नातेवाईकांना हेच सांगितलं असतं.

अण्णांना हे मी सरळ सांगितलं. आमच्यात आडपडदा नाही, अशी माझी समजूत होती. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे घाटाचं काम संपलं."

"का संपलं? धोतराखाली पिशवी कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल ना."

त्यांचा हिशेब असा होता. नळी असली की ती क्रिया चोवीस तास चालूच. ती चालू असताना माणूस अशुद्ध. अशुद्ध माणसानं देवाला शिवायचं नाही, पिंडाला शिवायचं नाही, दुसऱ्याच्या बापाचं श्राद्ध तर सांगायचंच नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांचं जानवं कात्रीनं कापून चष्मा आणि कवळीबरोबर एका पिशवीत माझ्या हाती दिलं होतं. मी घरून नवं आणून दिलं, त्यांनीच कातलेलं. ते त्यांनी घातलं नाही.

"नळी असताना जानवं घालत नाहीत."

"असं कुठे लिहिलंय?"

"लघवीला जाताना जानवं कानावर ठेवायचं असतं. ही तर अखंड चालू. मग ते काय अखंड कानावर ठेवू?"

"ठेवा. कोण नाही म्हणतंय?"

"आणि जेवताना?"

 कानावरच्या जानव्याबद्दल मला तसाही राग आहे. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी फोनवर आलेला मजकूर घेऊन येतो, की मैम, कानामागची नस दाबली जाते आणि पेशाब साफ होती है, हमारे पूर्वज सब जानते थे. कानात एका नसेची फांदी येते हे खरं. तिचा आणि मूत्राशयाचा असा काही संबंध दाखवून दे, मग बोलू, असं सांगून मी त्याला वाटेला लावते. पूर्वजांनी जानवं कानावर ठेवलं ते खाली लोंबून खराब होऊ नये म्हणून, एवढं साधं कारण माणसाला पुरत नाही.

नंतर माझ्या लक्षात आलं की अण्णांनी पाणी सोडलं आहे. एकदम नाही. पेला तोंडाला लावायचे, ओठ ओले करायचे, खाली ठेवायचे. पिशवीत काही जमलंच नाही तर बरं, असा त्यांचा विचार. पिशवीतला रंग गडद होत चालला होता. त्या वयात, त्या हृदयाला, पाणी न पिणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ओरडले. विनवलं. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "बस ना आता. परेशान नको होऊस." मला भीती वाटली. त्या सगळ्या आजारपणात पहिल्यांदाच खरी भीती वाटली, की हा माणूस नळीसकट घरी आला तर फार दिवस राहणार नाही, आणि ते कुठल्याही तपासणीत दिसणार नाही.

तिसऱ्या प्रयत्नाची सकाळ आली. नळी काढली. मी भांडं घेऊन उभी राहिले नाही; आधी खुर्ची ओढून समोर बसले.

"अण्णा, एका यजमानांचा प्रश्न आहे."

"आत्ता? इथे?"

"अडलेत बिचारे. ऑपरेशनमध्ये जानवं कापलं गेलं. पायाला पट्टी आहे, स्नान करता येत नाही. स्नानाशिवाय नवं घालणार नाही म्हणतात. आणि जानव्याशिवाय लघवीला जायचं नाही असं त्यांना लहानपणापासून शिकवलंय. काय करावं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "वय काय यजमानांचं?"

"तुमच्याएवढंच."

"माझ्या ओळखीचे दिसतात."

"असतील. पण विचारलंय तर सांगा. विचारणाऱ्याला परत पाठवायचं नाही, हे तुमचंच."

 मग त्यांचा आवाज बदलला. घाटावर यजमानांशी बोलताना असतो तो, थोडा नाकातला, घाई नसलेला. "आजाऱ्याला मंत्रस्नान सांगितलेलं आहे. मंत्र म्हणून अंगावर पाणी शिंपडलं की झालं स्नान. मग संकल्प करून जानवं घालायचं. त्यात काही कमी नाही. मी शेकडो जणांना सांगितलंय."

"मग या एकालाच का नाही?"

"दुसऱ्याला सवलत देणं सोपं असतं गं."

तरी त्यांनी हात पुढे केला. मी जानवं हातात देऊ लागले तर म्हणाले, वाटीत ठेव. स्टीलच्या वाटीत ठेवलं. दुसऱ्या वाटीत गंगेचं पाणी, आमच्या घरात ते कायम असतंच. ते उशीला टेकून बसले, डोळे मिटले, पुटपुटत अंगावर पाणी शिंपडलं, नवं जानवं घातलं. हॉस्पिटलच्या निळ्या अंगरख्यावरून ते खांद्यावर आडवं आलं आणि इतक्या दिवसांत प्रथमच मला ते माझ्या वडिलांसारखे दिसले. मग न सांगता पेलाभर पाणी प्याले. मी दुसरा भरून दिला, तोही प्याले.

मी भांडं उचललं, तसे म्हणाले, "ते इथे ठेव. मला जरा जप करायचाय. जपाला एकांत लागतो. तू चहा पिऊन ये."

मला खरं तर जायचं नव्हतं. पण इतकं जमवून आणलेलं मोडायला नको म्हणून गेले. खाली हॉस्पिटलच्या फाटकाशी चहावाला होता. त्याच्याकडे चहा प्याले, मग आणखी एक प्याले. वर आले तेव्हा अण्णा डोळे मिटून पडले होते, जानवं खांद्यावर होतं, आणि भांडं पलंगाखाली, वर रुमाल झाकलेला. मी रुमाल उचलला. मग तो परत तसाच ठेवून खुर्चीत बसले.

"झाली," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. तीर्थयात्रा झाली म्हणावं अशा थाटात.

विद्यार्थी धावतपळत आला. त्यानं पोटावर मशीन फिरवून आत किती उरलंय ते पाहिलं. फारसं नव्हतं. "दवा काम कर गई, मैम!" तो म्हणाला. मी म्हटलं, असेल. गोळीला तेवढे दिवस लागतातच, आणि ताणलेल्या स्नायूला विश्रांतीही मिळाली होती. पण मनातल्या मनात मी जानव्याला श्रेय देऊन टाकलं होतं. कानामागच्या नसेला नव्हे, ते मी मेले तरी देणार नाही. माणसाच्या मेंदूला एकदा सगळं रीतसर आहे असं वाटलं की तो खाली निरोप धाडतो, आणि अण्णांच्या मेंदूत रीत म्हणजे काय हे सुताच्या तीन पदरांत ठरलेलं होतं. पुढच्या वर्षी वर्गात हे उदाहरण सांगायचं, असंही मी ठरवून टाकलं. मुलं निदान जागी तरी राहतील. स्वतःवर मी भलतीच खूश होते. शास्त्रानं नाही जमलं तर शास्त्रार्थानं जमवलं, असं दोघातिघांना फोनवर सांगितलंसुद्धा.

घरी आणलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. जाताना गेले तसेच परत आले, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गल्लीतल्या सगळ्यांची विचारपूस करत. एक सांड वाटेत आडवा बसला होता, त्याला उठवेपर्यंत खुर्ची खाली ठेवावी लागली, तेवढ्यात मिठाईवाल्याशी बोलून झालं. घरी मी सगळी व्यवस्था केली होती. पलंग खाली आणला होता. चौकात धरायला दांडे बसवले होते. मोरीत उंच बैठकीची खुर्ची. आणि मोरीच्या दाराची आतली कडी मी काढून टाकली होती, आत पडलेबिडले तर दार फोडायला नको म्हणून.

दुपारी अण्णा वॉकर घेऊन मोरीकडे निघाले. मी मागोमाग. त्यांना बसवलं, बाहेर आले, दार लोटून घेतलं आणि दाराशीच उभी राहिले.

आत काही आवाज नव्हता. मी वाट पाहिली. वरच्या मजल्यावर कबुतरं घुमत होती. बाहेरून एक अंत्ययात्रा मणिकर्णिकेकडे गेली, तिचा गजर जवळ आला, दूर गेला, आणि आत तरी काही नाही. माझ्या डोक्यात सगळं परत सुरू झालं. प्रवासात पिशवी परत ताणली गेली असेल. सकाळची गोळी द्यायची राहिली का? नाही, दिली होती. विद्यार्थ्याला फोन करावा का. रात्रीपर्यंत नाही झाली तर त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवून गल्लीतून न्यायचं, आणि या वेळी नळी निघायची नाही.

"अण्णा, होतंय ना?"

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. कानावर जानवं असताना बोलायचं नसतं. उभ्या आयुष्यात अण्णा मोरीतून बोलल्याचं मला आठवत नाही. घराला आग लागली असती तरी ते हात धुऊन, चूळ भरून, मगच ओरडले असते.

"सैल सोडा नुसतं. जोर नका करू. नळ सोडू का मी?"

बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला. हळू, जरासा चाचरत, मला वाईट वाटू नये अशी काळजी घेत.

"गेलीस का गं तिथून?"

हॉस्पिटलात दोन्ही वेळा मी उभी होते. तिसऱ्या वेळी मी चहाला गेले होते.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गेले म्हटलं असतं तर मी इथेच आहे हे त्यांना कळलं असतं. जाऊनही चालणार नव्हतं, दाराला आतून कडी नव्हती आणि त्यांचा पाय अजून कच्चा होता. म्हणून मी भिंतीला टेकून, श्वास धरून, नसल्यासारखी उभी राहिले. थोड्या वेळानं आत लघवीचा आवाज सुरू झाला. बारीक, थांबत थांबत, मग नीट. मला रडू आलं, आणि तेही मी आवाज न करता रडले.